मागचा दोरा

लाकडाला सांधा घालणारी बाई म्हणून तिला सगळे खुंटीअक्का म्हणत. खरं नाव विचारलं असतं तर सख्ख्या भावालाही क्षणभर आठवावं लागलं असतं. गल्लीच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं आणि त्याला लागून तिची खोली. पुढे काम, मागे घर. मधल्या दारावर बाहुल्या टांगलेल्या असत. आत जायचं तर लाकडी पायांची ती झालर हाताने बाजूला सारावी लागे, आणि मग मागून बराच वेळ टकटक ऐकू येई, कोणी घरातल्या घरात वेशीपर्यंत चालत जाऊन परत आल्यासारखी.

नवख्या माणसाला तिच्याकडे गेलं की एक गोष्ट खटके. ती बोलताना तोंडाकडे पाहायची नाही. खांद्याकडे पाहायची, गुडघ्याकडे पाहायची. दूधवाला आला की आधी त्याची चाल बघायची.

"डावा घोटा सांभाळ रे. पाऊल बाहेर टाकतोयस."

"अक्का, दूध बघा की. पातळ आहे का घट्ट, ते बघा."

"दुधाला सांधे नसतात. त्यात काय बघायचं?"

दूधवाला हसत जायचा, पण कोपऱ्यावर वळण्याआधी दोन पावलं जपून टाकायचा. हे तिला माहीत होतं. म्हणून ती दारात उभी राहायची.

बाहुल्यांचं काम तिला बापाकडून आलं. बाप अबोल होता. शिकवायचं म्हणून त्याने कधी काही शिकवलं नाही. पोरीने पटाशी मागितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आधी स्वतःचं अंग चाचप. मग लाकडाला हात लाव." आणि पटाशी परत पेटीत ठेवली.

मग ती पोर अंग चाचपू लागली. तिला नडगी सापडली, कातड्याच्या अगदी खाली, धारेसारखी. पाय लांब सोडून सैल टाकला की गुडघ्यावरची वाटी बोटाने इकडेतिकडे सरकते आणि मांडी ताठ केली की तीच वाटी जागच्या जागी घट्ट बसते, हे तिने शोधलं आणि दिवसभर तोच खेळ खेळत राहिली. गळ्याखालच्या खड्ड्यापासून खांद्यापर्यंत गेलेलं आडवं हाड सापडलं. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं तर जबड्याची गाठ बोटाखाली पुढे सरकते, हे कळलं. पाठीचे मणके तर नुसते मण्यांसारखे, ओवल्यासारखे. हे सगळं सापडल्यावर ती बापापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "खांदा आणि खुबा उखळीत मुसळ ठेवल्यासारखे आहेत, सगळीकडे फिरतात. कोपर आणि गुडघा दाराच्या बिजागरीसारखे आहेत, एकाच बाजूला. बरोबर?" बापाने पेटी उघडली आणि पटाशी तिच्या हातात दिली. त्या घरात शाबासकी यापेक्षा मोठी होत नसे.

बापाचा एक नियम होता आणि तो मात्र त्याने तिच्याकडून घोकून घेतला होता. "दोरा उचलतो. खाली आणायचं काम जमीन करते. जमिनीला मजुरी द्यावी लागत नाही." म्हणून त्यांच्या बाहुल्यांच्या तळव्यांत आणि टाचांत शिशाचा तुकडा ठोकलेला असे. दोरा सोडला की हात आपल्याच वजनाने झोकात खाली यायचा. लोक म्हणत, अगदी जिवंत माणसासारखा येतो.

लग्नाचं विचारणाऱ्यांना ती सरळ सांगायची. "स्थळं आली होती. एकाची मान धडावर नीट बसलेली नव्हती. दुसऱ्याचे गुडघे एकमेकांशी बोलत होते. म्हटलं, यापेक्षा बरे मी घरी करते."

घरात भाऊ होता, तिच्याहून धाकटा. अंगाने सडपातळ आणि काम दोऱ्यांचं, म्हणून त्याला सुतळ्या म्हणत. त्याला कोरता येत नसे. लाकडाला हात लावला की लाकूडच फुकट जायचं. पण दोरे बांधलेली लाकडी फुली हातात घेतली की त्याच्या हाताखाली बाहुली श्वास घ्यायची. फुली थोडी कलती करायचा, तळवा थोडा फिरवायचा, आणि खाली म्हातारा खोकायला लागायचा. अक्काच्या हातात तीच बाहुली चालायची नाही, कवायत करायची. त्यामुळे घरात वाटणी ठरलेली होती. अंग तिचं, जीव त्याचा. कपडे त्याच्या बायकोचे, म्हणजे अक्काच्या भावजयीचे, ती शिवायची. भावजयीची सुई बारीक होती आणि जीभ तिच्याहून बारीक.

अशी चांगली बरीच वर्षं गेली. मग सुतळ्या पडला.

खेळाआधी पडद्याची चौकट बांधत होता. शिडी सरकली आणि तो कोपरावर आला. कोपराच्या जरा वर, दंडाच्या हाडाला तडा गेला. दवाखान्यात प्लास्टर घातलं. ते उतरलं तेव्हा आतून निघालेला हात पाहून भावजय तोंड फिरवून उभी राहिली. सोललेल्या काडीसारखा हात, कातडी पांढुरकी, आणि कोपर अर्ध्यावर अडकलेलं. पुरतं मिटत नव्हतं, पुरतं उघडत नव्हतं. तळवाही वर फिरत नव्हता. कायम कोणाचा तरी चहाचा कप धरून उभा असल्यासारखा तो दिसायचा.

डॉक्टरांनी व्यायामाच्या खोलीत जायला सांगितलं होतं. सुतळ्या एकदा गेला आणि परत येऊन म्हणाला, "मूठ उघडा, मूठ मिटा. एवढंच. त्यासाठी बाकावर बसून झोप काढायची का?"

"मग माझ्यावर सोड," अक्का म्हणाली. "आयुष्यभर सांधेच केलेत मी."

आणि तिने कंबर कसली. पावसाळी हवेने खुंटी फुगली की ती काय करायची? तेल पाजायची, हळूहळू मागेपुढे ओढायची, सांधा मोकळा व्हायचा. तिने भावाच्या कोपराला तेल लावून तेच केलं. तो ओरडला. हात सरळ होत नाही म्हटल्यावर तिला बापाचा नियम आठवला. तिने शिशाचे तुकडे एका पिशवीत भरले, पिशवी त्याच्या मनगटाला बांधली, त्याला स्टुलावर बसवलं आणि हात खाली लोंबता सोडला.

"आता बस असा. वजन आपलं काम करील."

भावजय शिवता शिवता थांबली. "वन्सं, माणूस आहे तो. तराजू नव्हे."

"तू गुंड्या लाव."

"लावते. पण उद्या नवरा वाकडा झाला तर त्याला कोणती गुंडी लावू, तेही सांगून ठेवा."

दुसऱ्या दिवशी कोपर सुजलं. अक्काने पिशवी थोडी हलकी केली आणि पुन्हा बांधली. कोपर गरम झालं. आणखी थोड्या दिवसांनी ते आधी जेवढं हलत होतं तेवढंही हलेना. अक्का ती सूज बोटांनी चाचपून पाहायची आणि पटाशीला धार लावत बसायची. धार आधीच लागलेली असायची.

"धन्य आहे," एका सकाळी भावजय म्हणाली. "वन्सं, तुम्हाला कोपरापासून नमस्कार."

"तुझं बरं आहे," सुतळ्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "तुला कोपर आहे."

तिघंही हसली. पण हसू लवकर विरलं, आणि त्याच दुपारी सुतळ्याने मनातलं बोलून टाकलं. चौकातल्या चहाच्या हॉटेलाचा मालक नवं बांधकाम करत होता आणि त्याला भिंतीवर लावायला बाहुल्या हव्या होत्या. तो पूर्वीही एकदा बोलला होता. सुतळ्याने त्याला होकार पाठवला.

"सगळ्या?" अक्काने विचारलं.

"सगळ्या. म्हाताऱ्यासकट. भिंतीचा रंग वाळला की येऊन नेतो म्हणाला."

"माझ्या बाहुल्या मी खिळ्याला लावायला कोरल्या नाहीत."

"मग चालव तू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हीच वाईट गोष्ट होती. "हाड वाकडं जुळलंय, अक्का. हे संपलं. उगीच दारात टांगून रोज त्यांचे पाय अंगाला लागतात मला."

अक्का उठली. झालर बाजूला सारून आत गेली, पायांत चपला घालून आली आणि भावाचा चांगला हात धरला. "चल. ज्यांचं काम आहे त्यांनाच विचारू. वाकडं जुळलं असेल तर मी स्वतः बाहुल्या हॉटेलात नेऊन देते."

व्यायामाची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. लांबट, उजेडाची. एका भिंतीला आरसा, त्याच्यासमोर धरून चालायचे दोन दांडे, कोपऱ्यात रबरी पट्टे आणि वाळूच्या पिशव्या, भिंतीवर हाताने फिरवायचं चाक. दांड्यांच्या मधून एक बस कंडक्टर नवा पाय शिकल्यासारखा चालत होता. तिथल्या बाईंच्या बाह्या दुमडलेल्या होत्या आणि आवाज असा होता, की खोलीच्या त्या टोकाचा माणूसही ताठ बसावा. व्यायामाच्या बाई म्हणूनच त्यांना सगळे ओळखत.

बाईंनी कोपर हातात घेतलं आणि भुवया जवळ आणल्या. "हे कोणी केलं?"

"मी," अक्का म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "तेल लावून ओढलं. मग वजन बांधलं."

"का?"

"सांधा मोकळा व्हावा म्हणून."

"कोपराशी जबरदस्ती केली की ते सूड घेतं. दुखावलेल्या स्नायूत कधीकधी हाड धरतं, कळलं? स्नायूचं हाड! मग कोण सोडवणार? तुम्ही?"

बाईंनी लगेच हाताचा फोटो काढायला पाठवलं. तो येईपर्यंत अक्का बाकावर बसून स्वतःच्या दोन्ही हातांकडे परक्याचे असावेत तसं पाहत होती. फोटो आला. बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांचा आवाज खाली आला.

"नशीब चांगलं आहे. तसं काही नाही. आणि हाड जुळलंय. सरळ जुळलंय."

"मग हलत का नाही?" सुतळ्याने विचारलं.

बाईंनी सांगितलं. सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, आत वंगण असतं, भोवती पिशवीसारखं आवरण असतं. हात बांधून ठेवला की आवरण आखडतं, स्नायू वाळतात आणि दुखण्याच्या भीतीने आवळून बसतात. भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी सगळं दाखवलं. सुतळ्या मान हलवत होता, पण ते हलवणं अक्काला ओळखीचं होतं. खेळ न कळलेला प्रेक्षक तसाच मान हलवतो.

"चित्र हलत नाही ना," अक्का म्हणाली. "म्हणून त्याला कळत नाही. मी हलणारा हात करून देते."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "करा. इथे बाकीच्यांनाही दाखवता येईल. पण खरा करा. बाहुलीचा नको."

हे वाक्य अक्काला लागलं आणि ते लागलं ते बरंच झालं. रंग वाळायच्या आत हात व्हायला हवा होता.

तिने हलकं लाकूड निवडलं आणि पुन्हा लहानपणासारखी अंग चाचपू लागली. या वेळी स्वतःचं अंग पुरेना. शेजारचा घड्याळजी किल्ली फिरवत होता, तर हिने दुकानात शिरून त्याचा पुढचा हात कोपराखाली धरला.

"अक्का, काय हे! गिऱ्हाईक बसलंय."

"तू फिरव. थांबू नकोस." ती डोळे मिटून उभी राहिली. "करंगळीकडचं हाड जागच्या जागी आहे. अंगठ्याकडचं त्याच्यावरून पलीकडे जातंय. म्हणजे दोन हाडं आहेत आणि एक दुसऱ्याला ओलांडतं! आणि मी इतकी वर्षं इथे एकच काठी बसवत आले."

"माझा हात सोडणार का?"

"तळवा फिरतो तो मनगटात नाही. इथे फिरतो, इथे," असं गिऱ्हाइकाला सांगून ती बाहेर पडली. गिऱ्हाईक बराच वेळ आपला पुढचा हात धरून तळवा फिरवत बसलं आणि घड्याळ तिथेच विसरून गेलं.

भावजयीचा खांदाही असाच कामी आला. पाठीवरचं पातं कशाला जोडलंय, हे अक्काला पाहायचं होतं. भावजयीने हात वर केला आणि अक्काने पाहिलं, की पातं बरगड्यांवरून सरकतं, होडी सरकावी तसं. त्याला हाडाचा आधार फक्त पुढच्या त्या आडव्या हाडाचा, बाकी सगळं मांसावर तोललेलं. "एवढा हात," ती पुटपुटली, "आणि धडाला एवढ्याशा काडीने टांगलाय." भावजय म्हणाली, "त्या काडीवरच तुमच्या घरचं पाणी भरते मी."

हात तयार झाला. पातं, आडवं हाड, उखळीतला खांदा, बिजागरीचं कोपर, पुढे दोन हाडं, एकमेकांना ओलांडणारी. स्नायू म्हणून तिने तांबडा दोरा लावला, खांद्यापासून निघून कोपर ओलांडून पुढच्या हाडावर बांधलेला. ओढला की कोपर मिटायचं. असा डौलदार हात तिने आयुष्यात केला नव्हता.

व्यायामाच्या खोलीत सगळे भोवती जमले. कंडक्टरसुद्धा दांडे सोडून आला. बाईंनी हात उभा टांगला, दोरा ओढला. कोपर मिटलं. सोडला. हात झोकात खाली आला. कंडक्टरने टाळी वाजवली.

बाईंनी टाळी वाजवली नाही. त्यांनी हात काढून टेबलावर आडवा ठेवला आणि दोरा ओढला. कोपर मिटलं. दोरा सोडला.

हात मिटलेलाच राहिला.

"आता सरळ करा, अक्का."

अक्काने दोऱ्याकडे पाहिलं. तो सैल पडला होता. दुसरा दोराच नव्हता. ती इतकी वर्षं हात उभे टांगत आली होती आणि हात खाली आणायचं काम जमीन फुकट करत आली होती. आडव्या हाताला जमीन ओढत नव्हती.

"याच्या मनगटाला वजन बांधलंत तेव्हाही हेच झालं," बाई म्हणाल्या. या वेळी त्या रागावल्या नव्हत्या. "तुम्ही वाट पाहिलीत, की हात आपोआप उतरेल. बाहुलीचा उतरतो. इकडे या. या टेबलाला ढकला बरं. जोराने."

अक्काने तळवे टेबलाला लावून ढकललं. बाईंनी तिचाच एक हात काढून तिच्याच दंडामागे ठेवला. "पुढे बेटकुळी येते तिथे चाचपा. मऊ आहे ना? आणि मागे?"

मागे दगड झाला होता.

"ढकलतेय मी," अक्का हळू म्हणाली, "आणि ओढतोय हा?"

"स्नायूला ढकलता येतच नाही. त्याला एकच काम येतं, आखडून ओढणं. ढकलायचं असेल तरी मागून कोणीतरी ओढावं लागतं. म्हणून ते जोडीने असतात. एकाने मिटायचं, एकाने उघडायचं."

अक्काने पुन्हा ढकललं. पुन्हा चाचपलं. बाक, दार, भिंत, दिसेल ते ढकलून पाहिलं. कंडक्टर म्हणाला, "अहो बाई, खोली पाडाल." तिने लाकडी हात काखेत मारला आणि दारातून वळून म्हणाली, "हा अर्धाच झालाय. पुरता करून आणते."

चौकात हॉटेलाच्या भिंतीला रंगाचा पहिला हात लागला होता. दुसरा पावसाळा सरल्यावर लागायचा होता.

तिने मागचा दोरा लावला. निळा. खांद्याच्या पात्याकडून निघून दंडाच्या मागून कोपराच्या टोकावर बांधलेला, जे टोक आपण टेबलावर टेकवतो त्यावर. मग तिने भावाला समोर बसवलं. तो अनिच्छेने बसला.

"निळा ओढ. हात उघड."

सुतळ्याने चांगल्या हाताने निळा दोरा ओढला. हात हलला नाही. आणखी जोर लावला. नाहीच.

"तुझाही सांधा बसलेला दिसतोय," तो म्हणाला.

"सांधा ठणठणीत आहे. इकडे बघ." तिने आपली मूठ वर केली. तांबडा दोरा तिने मुठीत आवळून धरला होता. "पुढचा मी सोडत नाहीये. तू मागून कितीही ओढ. आता बघ." तिने मूठ थोडी सैल केली. निळा दोरा तेवढाच सरकला, कोपर तेवढंच उघडलं. आणखी सैल केली. आणखी उघडलं.

सुतळ्या पुढे वाकला. दोऱ्यांची भाषा त्याला जितकी कळत होती तितकी कोणाला कळणार होती? त्याने अक्काच्या मुठीकडे पाहिलं, मग आपल्या दंडाकडे.

"म्हणजे मीच धरून बसलोय?"

"तुझी बेटकुळी. तिला वाटतंय, तू अजून शिडीवरून पडतोच आहेस. आणि मी वजन बांधून तिला रोज पुन्हा पाडत होते. ती आणखी आवळत गेली. ते माझं चुकलं." एवढं बोलून अक्काने दोरा त्याच्या मांडीवर टाकला. "आता मागच्याला कामाला लाव. त्याने काम केलं की पुढचा आपोआप हात सैल सोडतो, असं बाई म्हणाल्या. जबरदस्ती नाही. आपला आपण."

बाईंनी व्यायाम दिला तोही मोठा गमतीचा. पाठीवर झोपायचं, दंड छताकडे उभा करायचा आणि कोपर उघडत मुठीने छत गाठायला जायचं. "इथे जमीन तुमच्या बाजूने नाही," बाई म्हणाल्या. "उघडायचं काम मागच्यालाच करावं लागेल." सुतळ्या रोज कामाच्या खोलीत चटईवर पडे. वर बाहुल्यांचे पाय, खाली हा, मूठ उगारून.

"छताशी भांडण आहे का?" दूधवाला दारातून विचारायचा.

"भाडं वाढवलंय त्याने," भावजय सांगायची.

तळव्यासाठी अक्काने त्याला नुसती फुली दिली, दोऱ्यांवाचून. कोपर अंगाशी धरायचं आणि फुली कलती करायची, इकडे आणि तिकडे. काही दिवस कोपर हट्टाला पेटे, काल झालेलं आज होईना. सुतळ्या वैतागून फुली भिरकावायचा. अक्का ती उचलून आणायची, पुसायची आणि पुन्हा त्याच्या हातात द्यायची. हळूहळू सूज उतरली. दंडामागे, जिथे नुसती कातडी लोंबत होती, तिथे बोटभर मांस धरलं. अक्का रोज ते चाचपून बघायची, शेतकऱ्याने अंकुर बघावा तशी. घास तोंडापर्यंत जाऊ लागला. तळवा आकाशाकडे वळू लागला.

पण कोपर पुरतं सरळ होईना. शेवटचं थोडं राहिलंच. बाई म्हणाल्या, तेही होईल, कदाचित थोडं राहील. आणि म्हाताऱ्याची बाहुली, खेळातली सगळ्यांत अवघड, तिला खाली बसवायचं तर हात पूर्ण लांबवावा लागे.

"बघितलंस?" सुतळ्या म्हणाला. "तिथेच अडलं."

अक्काने त्याला खांद्याएवढ्या उंच पडद्यामागे उभं केलं, हात जाईल तेवढा लांबवायला सांगितला आणि म्हाताऱ्याचे पाय जमिनीपासून किती वर राहतात ते बोटांनी मापलं. "एवढंच ना? हाडात राहिलेलं मी दोऱ्यात भरून काढते." तिने सगळे दोरे तेवढे लांब केले. आणि म्हातारा खाली उतरलाच आहे म्हणून तिने त्याचा एक हात उघडला, पटाशी घेतली, आणि त्या दिवसभर कोणालाही जवळ येऊ दिलं नाही.

पावसाळा सरला, रंग वाळला. हॉटेलवाला आला, त्याच्यासोबत बाहुल्या भरून न्यायला एक मोठा पुठ्ठ्याचा खोका. तो भला माणूस होता. दारातली झालर त्याने अदबीने बाजूला सारली.

"मग, सुतळीशेठ? भरायच्या ना? माझी भिंत तयार आहे."

सुतळ्याने अक्काकडे पाहिलं. अक्का त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती. नेहमीप्रमाणे दंडाकडे पाहत होती.

"जायच्या आधी एकदा म्हाताऱ्याला निरोप घेऊ द्या," सुतळ्या म्हणाला आणि पडद्यामागे गेला.

म्हातारा आला. पहिली दोन पावलं लटपटली. ती बाहुलीची होती का हाताची, ते अक्कालाच माहीत. मग फुली कलली, तळवा फिरला, आणि म्हातारा खोकला. भावजयीच्या हातातली सुई थांबली. म्हातारा हळूहळू खोक्याजवळ आला, वाकून आत डोकावला, मान हलवली. पाठ ताठ केली. आणि मग त्याने असं काही केलं, जे त्या घरातल्या कोणत्याही बाहुलीने आजवर केलं नव्हतं. त्याने हात उचलला, तळवा खोक्याला टेकवला, आणि दंडामागच्या नव्या निळ्या दोऱ्याने कोपर उघडत खोका ढकलला. रिकामा खोका फरशीवरून इंचभर दाराकडे सरकला. म्हाताऱ्याने दम घेतला, पुन्हा ढकलला.

हॉटेलवाला आधी खोक्याकडे आणि मग पडद्याकडे बघत राहिला. मग पोट धरून हसायला लागला. "नाही म्हणतोय की हो हा!"

"स्पष्टच म्हणतोय," भावजय म्हणाली.

"भिंतीचं काय करू मग मी?"

"घड्याळ लावा," अक्का म्हणाली. "शेजारी मिळतं. आणि संध्याकाळी खेळ ठेवा तुमच्याकडे. नव्या भिंतीपुढे चांगला दिसेल."

हॉटेलवाला हसतच खोका उचलून गेला. खेळाचं पक्कं करायला उद्या येतो, म्हणाला. सुतळ्या पडद्यामागून बाहेर आला. कपाळावर घाम, फुली अजून हातात. अक्काने जवळ जाऊन त्याच्या दंडामागे बोटं ठेवली. तिथे अजून दगड होता.

"खाली ठेव आता," ती म्हणाली. "दमलाय तो."

"मी नाही दमलो."

"तुला कोण विचारतंय? मागचा दमलाय."

त्याने फुली खुंटीला लावली. दोरे लांब झाल्यामुळे म्हाताऱ्याचे पाय आता झालरीच्या खाली येत होते, आत जाणाऱ्याच्या थेट गुडघ्याला लागतील असे. भावजयीने ते पाहिलं.

"वन्सं, याला वर घ्या. येता-जाता लाथा मारील."

"मारू दे," अक्का म्हणाली. "पाय नीट चालतात की नाही ते तरी रोज कळेल." आणि चटई पुन्हा अंथरून तिने भावाला बोटाने छत दाखवलं.